गणिताच्या खेळात आकडेमोड चालीत हवी, दारात नको

वर्गात खेळवले जाणारे गणिताचे बहुतेक खेळ एकाच साच्यातले असतात. मधोमध पट, चार सोंगट्या, शेजारी प्रश्नांच्या कार्डांचा गठ्ठा. कार्ड उचलायचं, उत्तर द्यायचं, बरोबर आलं तर फासा टाकायचा, चुकलं तर डाव पुढच्याकडे. नीट पाहिलं तर ही तोंडी परीक्षाच आहे, फक्त मांडी घालून बसून दिलेली. मुलाचं सगळं लक्ष फाशाकडे असतं आणि गणित हा फाशाच्या वाटेवरचा अडथळा होऊन बसतो. शिवाय चुकणाऱ्याचा डाव जातो. म्हणजे ज्याला सराव सर्वांत जास्त हवा, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो.

असा खेळ ओळखायची सोपी खूण आहे. कार्डांवरची गणितं काढून तिथे इतिहासातल्या सनावळ्या घाला. खेळ जसाच्या तसा चालत राहिला, तर त्या खेळात गणित नव्हतंच. त्याच्या दारात उभं होतं, एवढंच.

या फरकाचा चांगला अभ्यास जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. ‘झॉम्बी डिव्हिजन’ नावाच्या संगणकावरच्या खेळात सांगाड्यांच्या छातीवर संख्या असतात आणि त्या संख्येला निःशेष भागणारं शस्त्र निवडलं तरच सांगाडा कोसळतो. याच खेळाच्या दुसऱ्या रूपात लढाईतून भागाकार काढून टाकला आणि तेच प्रश्न प्रत्येक टप्प्याच्या शेवटी चाचणी म्हणून विचारले. लढाईतच भागाकार असलेलं रूप खेळणारी मुलं जास्त शिकली. हवं ते रूप खेळायची मुभा दिली, तेव्हा याच रूपावर त्यांनी सातपट वेळ घालवला. चित्रं तीच होती, गणितंही तीच. फक्त त्यांची जागा बदलली होती.

म्हणून खेळ बांधायला बसल्यावर आधी विषय, चित्रं, राक्षस, खजिना वगैरे बाजूला ठेवावं आणि कागदावर एकच वाक्य लिहावं: चाल ठरवताना मुलाला कशाचा विचार करावा लागेल? ‘पाढ्यांचा सराव होईल’ हे उत्तर चालणार नाही. ‘५६ हवे असतील आणि एक खडा ७ वर असेल, तर दुसरा कुठे न्यायचा’ हे चालेल.

छत्तीस घरांचा पट

हे वाक्य ज्या खेळातून उचललं आहे तो गुणाकाराचा खेळ बराच प्रचलित आहे आणि रचना म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. १ ते ९ या अंकांचे एकमेकांशी गुणाकार केले, तर वेगवेगळी उत्तरं नेमकी ३६ येतात. म्हणजे ६ × ६ चा पट एकही घर रिकामं न राहता भरतो. ओळीने अशी घरं लिहा:

१, २, ३, ४, ५, ६
७, ८, ९, १०, १२, १४
१५, १६, १८, २०, २१, २४
२५, २७, २८, ३०, ३२, ३५
३६, ४०, ४२, ४५, ४८, ४९
५४, ५६, ६३, ६४, ७२, ८१

पटाखाली १ ते ९ अंकांची एक पट्टी. पट्टीवर ठेवायला दोन खडे किंवा बटणं आणि घरं रंगवायला दोन रंगांच्या पेन्सिली. पहिला खेळाडू पट्टीवर एक खडा ठेवतो आणि थांबतो. दुसरा खेळाडू दुसरा खडा ठेवतो आणि दोन अंकांचा गुणाकार पटावर आपल्या रंगाने रंगवतो. इथून पुढे प्रत्येकाने आपल्या डावात दोनपैकी एकच खडा हलवायचा आणि नवा गुणाकार रंगवायचा. दोन्ही खडे एकाच अंकावर आले तरी चालतं, नाहीतर २५ किंवा ४९ मिळणारच नाहीत. आडवी, उभी किंवा तिरकी सलग चार घरं आधी रंगवेल तो जिंकला.

सगळी करामत ‘एकच खडा हलवायचा’ या नियमात आहे. मूल गुणाकार करत बसत नाही, उलट्या दिशेने जातं. मला २८ हवेत, खडे ४ आणि ९ वर आहेत, तर ९ वरचा उचलून ७ वर नेऊ. म्हणजे त्याच्या डोक्यात भागाकार आणि अवयव चालू असतात, आणि एका चालीसाठी अशा चार-पाच जोड्या तपासून होतात. त्यातून रंगवलेलं घर एकच असतं. समोरच्याला काय मिळू नये हेही पाहावं लागतं: मी आता ७ वर खडा ठेवला तर त्याला ६३ तर मिळणार नाही ना?

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे मुलं दोन्ही खडे उचलतात. त्यावर उपाय असा, की न हलवायच्या खड्यावर समोरच्या खेळाडूने बोट ठेवायचं. दुसरी अडचण १ या अंकाची. खडा १ वर गेला की वरची घरं काहीच विचार न करता भरता येतात आणि मुलं तिथेच घुटमळतात. ज्यांना पाढे बऱ्यापैकी येतात त्यांच्यासाठी पट्टी २ ते ९ ची करा. मग १, २, ३, ५ आणि ७ ही उत्तरं गळून ३१ उरतात. रिकाम्या पाच घरांवर चांदणी काढा, ती दोघांच्याही ओळीत धरायची. चांदण्या एकमेकींजवळ येऊ देऊ नका, नाहीतर दोन चालींत डाव संपतो. लहान मुलांसाठी १ ते ५ ची पट्टी घेतली तर १४ उत्तरं मिळतात. दोन चांदण्या घालून ४ × ४ चा पट होतो, आणि सलग तीन घरांवर डाव जिंकायचा.

मोडता येणारे आयत

दुसरा नमुना क्षेत्रफळाचा. चौकटीच्या वहीच्या पानावर १६ × १६ चा चौरस आखा. दोन खेळाडू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून सुरुवात करतात. दोन फासे टाकायचे, ४ आणि ६ आले तर ४ × ६ चा आयत आपल्या रंगाने काढायचा, आत ‘४ × ६ = २४’ लिहायचं. आयत आडवा काढा किंवा उभा, पण आपल्या आधीच्या आयताला त्याची एक बाजू टेकली पाहिजे. जागा संपली की ज्याच्या चौकटी जास्त तो जिंकला.

चौरस १६ × १६ चाच का, याचं उत्तर हिशेबात आहे. एका फाशाची सरासरी ३.५, म्हणून दोन फाशांच्या गुणाकाराची सरासरी १२.२५. चौरसात २५६ चौकटी आहेत, म्हणजे एकही चौकट वाया गेली नाही तरी २१ आयतांत पट भरेल. अर्ध्या मिनिटाला एक चाल धरली तर साडेदहा मिनिटं. हाच पट १० × १० चा केला तर आठ आयतांत, म्हणजे मुलांना जागा अडवायची युक्ती सुचायच्या आतच, खेळ आटोपतो. २० × २० घेतला तर सोळा-सतरा मिनिटांवर जातो आणि तासाची घंटा मध्येच वाजते. अर्धवट राहिलेल्या डावाइतकी चिडचिड दुसऱ्या कशाने होत नाही.

या खेळाची कळ मात्र शेवटच्या पाच मिनिटांत असते. पट भरत आला की फासे ५ आणि ६ दाखवतात आणि एवढा मोठा आयत कुठेच बसत नाही. साध्या नियमाने डाव वाया जातो. लागोपाठ तीन डाव वाया गेले की मुलं फासे एकमेकांच्या अंगावर टाकू लागतात. इथे एक नियम वाढवा: आयत बसत नसेल तर एका सरळ रेषेने तो एकदाच कापता येईल आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या जागी ठेवता येतील. अट एवढीच, की ‘५ × ६ = ५ × ४ + ५ × २’ असं लिहून दाखवायचं.

हाच वितरणाचा गुणधर्म. पुस्तकात तो सूत्र म्हणून येतो आणि तसाच विसरला जातो. इथे तो मुलाला हवा असतो, कारण त्याच्याशिवाय चाल नाही. शिवाय चूक झाली तर पटच ओरडून सांगतो. नेहमीची चूक म्हणजे दोन्ही बाजू मोडणं: ४ × ६ चे २ × ३ आणि २ × ३ असे दोन तुकडे करणं. समोरचा मोजतो तर चौकटी १२ भरतात आणि मिळायला हव्या होत्या २४. उरलेल्या १२ कुठे गेल्या हे शोधताना जी चर्चा होते, ती शिक्षकाने फळ्यावर समजावलेल्या दहा उदाहरणांना भारी पडते.

आणखी एक चूक सुरुवातीलाच दिसते. मूल चौकटींऐवजी रेषा मोजतं आणि ४ × ५ चा आयत ३ × ४ चा निघतो. म्हणून आत लिहिलेला गुणाकार आणि रंगवलेल्या ओळी समोरच्याने ताडून पाहायच्या. त्याने प्रत्येक चौकट मोजायची गरज नाही. एक उभी आणि एक आडवी ओळ मोजली की पुरतं.

मुलं या खेळाला सरावली की फाशांचा अर्थ बदला. दोन फाशांचा गुणाकार १२ आला तर १२ चौकटींचा कोणताही आयत काढता येईल, १ × १२, २ × ६ किंवा ३ × ४. क्षेत्रफळ तिन्हींचं सारखं, परिमिती अनुक्रमे २६, १६ आणि १४. पुढच्या फेरीत क्षेत्रफळाऐवजी परिमितीचे गुण द्या. कालपर्यंत सुबक आयत काढणारी मुलं आपणहून लांबट पट्ट्या काढायला लागतात. क्षेत्रफळ आणि परिमिती यांतला गोंधळ मोडायला मला तरी याहून चांगली वाट माहीत नाही.

चुकीचा नियम जिंकून देतो का?

खेळ तयार झाल्यावर हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. चुकीचं शिकलेलं मूल आपली चूक कायम ठेवूनही जिंकत असेल, तर आपण त्या चुकीला बक्षीस देतोय.

अपूर्णांकांचे पत्ते हे याचं ठळक उदाहरण. दोघांनी एकेक पत्ता उघडायचा, मोठा अपूर्णांक असेल त्याने दोन्ही घ्यायचे. घाईने केलेल्या संचात १/२, १/३, १/४, १/५ असे पत्तेच जास्त असतात. त्यात ‘छेद लहान तो अपूर्णांक मोठा’ हा नियम प्रत्येक वेळी बरोबर येतो. मुलाने तो मनात पक्का केला की पुढे २/५ आणि ७/८ मध्ये ते बेधडक २/५ उचलतं. म्हणून २४ पत्त्यांचा संच करताना चार प्रकारच्या तुलना त्यात येतील असं पाहा. अंश सारखा असलेले (३/५, ३/८, ३/१०), छेद सारखा असलेले (१/८, ५/८), १ ला एक तुकडा कमी असलेले (३/४, ५/६, ७/८, ९/१०) आणि अर्ध्याच्या मागेपुढे असलेले (३/७, ४/७, ४/९, ५/९). तिसऱ्या प्रकारात एक चलाख चूक दडलेली असते. ‘५/६ आणि ७/८ दोन्हींत एकच तुकडा कमी, म्हणजे सारखेच’ असं मुलं ठासून सांगतात. तुकडा केवढा, हा प्रश्न त्यांच्या मनात आलेलाच नसतो. हे पत्ते संचात नसतील तर ती चूक कधीच बाहेर पडणार नाही.

नुसते पत्ते उघडण्याच्या या खेळात आणखी एक उणीव आहे. निवडायला काहीच नाही, पत्ता येईल तो येईल. प्रत्येकाच्या हातात चार पत्ते द्या आणि दर फेरीला एक चिठ्ठी काढा: ‘मोठा’, ‘लहान’ किंवा ‘अर्ध्याच्या जवळचा’. दोघांनी एकेक पत्ता पालथा ठेवायचा आणि एकदम उघडायचा. तिसऱ्या चिठ्ठीला वाद रंगतात. ३/७ अर्ध्यापासून १/१४ ने दूर, ५/९ अर्ध्यापासून १/१८ ने, म्हणून ५/९ जवळचा. ४/९ आणि ५/९ समोरासमोर आले तर बरोबरी, आणि ती का हे दोघांनी पटवून द्यायचं. पत्त्यांच्या मागे चित्र किंवा उत्तर छापू नका. त्याऐवजी वर्गासाठी अपूर्णांकांच्या पट्ट्यांचा एक संच ठेवा. वाद झाला की तिथे जाऊन पट्टीवर पट्टी ठेवून पाहायचं.

दशांश अपूर्णांकांचंही असंच आहे. सगळ्या पत्त्यांवर दोन-दोन अंक असतील तर मूल ०.३५ आणि ०.४० ला ३५ आणि ४० समजून बिनचूक खेळतं. ०.४, ०.३५, ०.३०५ आणि ०.०९ एकाच संचात आले की ‘लांब दिसतो तो मोठा’ हा समज उघडा पडतो.

तोच धोका साध्या पटातही असतो. सापशिडीचा पट नागमोडी असतो, पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. त्यामुळे ७ च्या वर १७ नसतो, १४ असतो. सोंगट्या सरकवायला ही मांडणी उत्तम, पण ‘दहा मिळवले की एक घर वर’ ही दशकाची समज तिच्यातून कधीच येणार नाही. दशक-एककासाठी प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू झाली पाहिजे. अगदी लहान मुलांसाठी तर सरळ एका रेषेतली १ ते १० ची पट्टी पुरते. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी २००८ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना अशी पट्टी थोड्या वेळाच्या चारच सत्रांत खेळवली. संख्या रेषेवर साधारण कुठे येते याचा अंदाज ती मुलं सुधारून गेली, आणि आकड्यांऐवजी रंगांची घरं असलेली पट्टी खेळणाऱ्यांचा तो सुधारला नाही. यात एक बारकावा आहे. सोंगटी ५ वर असताना फाशावर २ पडले, तर मुलाने ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘सहा, सात’ म्हणायचं. घरावरचा आकडा तोंडाने म्हटला नाही तर पट्टीवर आकडे लिहून उपयोग काय?

नशीब किती, डोकं किती

निव्वळ डोक्याच्या खेळात तिसऱ्या दिवशी कोण जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि हरणारे खेळण्याआधीच हरलेले असतात. निव्वळ नशिबाच्या खेळात विचार करायचं कारणच उरत नाही. चांगली वाटणी अशी, की काय मिळेल ते नशीब ठरवेल आणि मिळालेल्याचं काय करायचं ते मूल ठरवेल.

स्थानिक किमतीचा खेळ याला चपखल बसतो. प्रत्येकाने वहीत हजार, शतक, दशक, एकक अशी चार घरं आणि बाजूला एक टाकाऊ घर आखायचं. शिक्षक डब्यातून ० ते ९ पैकी एक चिठ्ठी काढून वाचतात. ती परत डब्यात जात नाही. प्रत्येकाने तो अंक लगेच एका घरात लिहायचा, नंतर खोडायचा नाही. पाच चिठ्ठ्यांनंतर ज्याची संख्या मोठी तो जिंकला. अंक सगळ्यांना तेच मिळाले, म्हणून ‘त्याला चांगले पडले’ असा रडीचा डाव कुणालाच खेळता येत नाही. फरक पडतो तो फक्त मांडणीने.

सहा बाजूंचा फासा इथे वापरू नका. त्यात शून्य नाही, आणि ६ पडला की कुठे लिहायचा हे सांगायला विचार लागत नाही. चिठ्ठ्यांत खरी मजा ७ ची आहे. पहिलीच चिठ्ठी ७ निघाली आणि मुलाने तो हजाराच्या घरात लिहिला, तर उरलेल्या चार चिठ्ठ्यांत ८ किंवा ९ यायची शक्यता सुमारे ७२ टक्के असते. वाट पाहायची की नाही, यावर मुलं हमरीतुमरीवर येतात. याला एक जोड द्या: मोठी संख्या नको, ५००० च्या सर्वांत जवळची संख्या करा. मग ४९ ने सुरू होणारी संख्या चांगली की ५० ने, इथपासून विचार सुरू होतो.

या खेळाचा दुसरा फायदा, कुणी बसून राहत नाही. पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. एका चालीला २० सेकंद लागत असतील तर ४५ चाली होतात. चार जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला त्यातल्या ११, जोडीत २२, आणि सगळे एकदम खेळतात तेव्हा पूर्ण ४५. चौघांचा गट करण्यामागे बहुतेक वेळा ‘साहित्य कमी आहे’ एवढंच कारण असतं. साहित्य वाढवणं सोपं आहे. गट तिघांचा झालाच तर तिसऱ्याला पंच करा आणि डाव संपला की अदलाबदल करा.

घाईचे खेळ शक्यतो टाळा. आधी हात वर करेल त्याला गुण, या पद्धतीत दोन-तीन मुलं खेळतात आणि बाकीची त्यांना खेळताना पाहतात. वेळ मोजायचीच असेल तर मुलाने स्वतःच्या कालच्या वेळेशी स्पर्धा करावी. खेळाडू बाद करणारा नियमही नकोच. बाद झालेलं मूल पुढची दहा मिनिटं काय करतं हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

फासे, पट आणि बाकीचं सामान

वीस जोड्यांचे चाळीस फासे बाकांवर पडू लागले की वर्गात काही ऐकू येत नाही, आणि निम्मे बाकांखाली जातात. डब्याच्या झाकणात कापडाचा तुकडा घालून त्यात टाकायला लावा. झाकणाबाहेर गेलेला फासा बाद. फासे नसतील तर पुठ्ठ्याचं षटकोनी चक्र करून मधोमध पेन्सिल रोवता येते. छिद्र नेमकं मध्यावर नसेल तर ते एकाच बाजूला जास्त वेळा पडतं, म्हणून वापरण्याआधी साठ वेळा फिरवून नोंद करा. एखादा अंक वीस वेळा आला तर चक्र फेकून द्या, किंवा संभाव्यतेच्या तासाला ‘हे चक्र प्रामाणिक आहे का?’ म्हणून वापरा. पटांवर खडे-बटणांऐवजी रंग भरायचे असतील तर पट लॅमिनेट करून फळ्याचं पेन द्या. प्रत्येक खेळ एका पाकिटात, पाकिटावर आत काय किती आहे ते लिहिलेलं. परत करताना जोडीनेच मोजायचं.

नियम वाचून दाखवू नका. शिक्षक विरुद्ध अख्खा वर्ग असा एक डाव फळ्यावर खेळा, नियम चालता-चालता कळतात. पाच वाक्यांत मावत नाही तो खेळ एका तासासाठी मोठा आहे. पाच मिनिटं हा फळ्यावरचा डाव, पंधरा-अठरा मिनिटं जोडीने खेळ आणि उरलेला वेळ चर्चेला राखून ठेवा. तो राखला नाही तर घंटा तो खाऊन टाकते, आणि मुलांच्या लक्षात राहतं फक्त कोण जिंकलं.

चर्चेत ‘मजा आली का?’ विचारू नका. एखादा अडलेला डाव फळ्यावर मांडा आणि पुढची चाल विचारा. गुणाकाराच्या पटावर ४९ मिळवायला किती वाटा आहेत आणि १२ ला किती? ४९ ला ७ × ७ ही एकच, १२ ला २ × ६ आणि ३ × ४ अशा दोन. मग चार घरांची ओळ कुठून बांधणं शहाणपणाचं?

उत्तर तपासायचं काम समोरच्याचं. चाल करणाऱ्याने पूर्ण वाक्य बोलायचं, ‘सात आठे छप्पन्न’, आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावरच रंगवायचं. चूक पकडणाऱ्याला जादा गुण द्यायचा मोह होतो, पण त्यातून दबा धरून बसायची सवय लागते. चाल सुधारून घ्यायला सांगणं पुरेसं आहे. प्रत्येक चालीचं समीकरण वहीत लिहायला लावलं की खेळ मरतो. शेवटच्या पाच चालींची नोंद ठेवली तरी शिक्षकाला हवं ते दिसतं.

वर्गात नेण्याआधी

आधी एकट्याने, दोन्ही बाजूंनी, आठ-दहा डाव खेळून पाहा. एकदा विचार करून आणि एकदा येईल ती चाल खेळून. विचार करणारी बाजू जिंकतच नसेल तर निवडीला अर्थ नाही. ती प्रत्येक वेळी जिंकत असेल तर नशीब थोडं वाढवा. किती चाली वाया जातात आणि डाव कधी संपतो तेही लिहून ठेवा.

डाव कधी संपेल हे थोडं गणिताने आधीच कळतं. ऋण संख्यांचा एक लोकप्रिय खेळ आहे: −१० ते +१० ची संख्यारेषा, मध्ये एकच सोंगटी, निळा फासा धन, लाल फासा ऋण, दोघांची बेरीज करून सोंगटी सरकवायची. एक टोक एकाचं, दुसरं दुसऱ्याचं. बेरजेची सरासरी शून्य येते, म्हणून सोंगटी मध्येच घुटमळते आणि टोकाबाहेर जायला सरासरी वीसेक फेका लागतात. एखादा डाव चाळीसवरही जातो. त्यात मुलं ‘निळा पुढे, लाल मागे’ एवढंच धरतात आणि ऋण संख्या हा विषय बाजूलाच राहतो. खेळाडूला एका फाशाची बेरीज करायची की वजाबाकी, हे निवडू द्या. लाल फाशावरचे −५ वजा केले की सोंगटी पुढे धावते. हे एकदा कळलं की मुलं ती चाल सोडतच नाहीत, डावही आठ-दहा फेकांत संपतो, आणि ऋण संख्या वजा करणं म्हणजे काय हे त्यांना हातानेच कळलेलं असतं.

पहिल्या खेळाडूला फायदा आहे का, हेही पाहावं. १, २ किंवा ३ मिळवत जाऊन २१ वर पोचायचं, या खेळात पहिला नेहमी जिंकू शकतो: १ ने सुरुवात, मग ५, ९, १३, १७ ही ठिकाणं धरायची. वर्गातल्या कुणाला तरी हे सापडतंच, आणि दोन दिवसांत सगळ्यांना. त्या दिवशी खेळ संपला म्हणून पाकीट बंद करू नका. लक्ष्य २४ करा आणि आधी कोण खेळणार ते मुलांनाच ठरवू द्या. सगळे पहिला डाव मागतात आणि हरतात, कारण २४ ला ४ ने पूर्ण भाग जातो. मग लक्ष्य ३० आणि चाल १ ते ५. मग ज्याने शेवटचा आकडा म्हटला तो हरला, असा उलटा नियम. त्यापुढे लक्ष्य आणि चाल मुलांनीच निवडायची, पण खेळाआधी चिठ्ठीवर लिहून ठेवायचं: पहिला जिंकेल की दुसरा, आणि का.